लुईझियाना बघायला किती वेळ ठेवावा? (सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक)

बकुळफूल (१९ मे)

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभरापासून कोपनहेगनमध्ये आहोत. जूनमध्ये सासूबाई येताहेत. त्यांना घेऊन लुईझियाना या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जायचं माझ्या फार मनात आहे. मी स्वतः एकदाच गेलेय, तेही ऑफिसच्या लोकांबरोबर, जेमतेम दोन तास. धावतपळत पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की इथे नीट यायचं.

अडचण अशी. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, सलग पंधरा मिनिटांवर चालवत नाही. लेक ९ वर्षांची, तिला एका जागी उभं राहवत नाही. नवरा म्हणतो, सकाळी अकराला दार उघडलं की आत शिरू, दीडपर्यंत उरकू आणि पुढे हेल्सिंगोरला जाऊन क्रोनबोर्गचा किल्लाही बघून येऊ. दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत ना! मला हे 'उरकू' पटत नाहीये, पण त्याला पटेल असं कारणही देता येत नाहीये.

आणि आई फोनवर म्हणाल्या, "त्यातलं मला काय कळणार? तुम्ही आत जा, मी बागेत बाकावर बसते." ते ऐकल्यापासून मला चुटपुट लागली आहे. आधी बाग दाखवू की आधी कला? त्यांना आधी काही वाचून दाखवू का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

---

खारूताई

सोमवारी बंद असतं. आम्ही सोमवारीच गेलो होतो, दोन मुलं आणि बाबागाडी घेऊन. बाकी सल्ले जाणकार देतील, पण हा आधी लिहून ठेवा.

---

रानवाट

बकुळफूल, आधी बाग की आधी कला हा प्रश्न तिथे पडतच नाही. ती जागा मुळात तशी बांधलेलीच नाही. क्नुद येन्सन नावाच्या माणसाने १९५८ साली हे संग्रहालय उघडलं. घरचा धंदा चीजच्या व्यापाराचा. योर्गेन बो आणि विल्हेल्म वोहलर्ट या वास्तुरचनाकारांना त्याने तीन अटी घातल्या होत्या. जुना बंगला तसाच ठेवायचा आणि लोकांनी त्याच्यातूनच आत यायचं. एका दालनातून तळं दिसलं पाहिजे. आणि चालत चालत शेवटी माणूस समुद्राच्या कड्यावर पोचला पाहिजे, तिथे कॅफे हवा, समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि पलीकडे स्वीडन.

त्यामुळे होतं काय, की तुम्ही एका बैठ्या, काचेच्या बोळातून चालत असता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांमधून बोळ वळण घेत जातो. मग एक खोली, त्यात चार-सहा कलाकृती. पुन्हा बोळ, पुन्हा झाडं. खोल्यांमध्ये डोळ्यांना विसावा मिळावा इतकं अंतर आपोआप पडतं. मोठ्या संग्रहालयात तिसऱ्या दालनात जो थकवा येतो ना, डोकं जड होऊन पाय ओढत चालण्याचा, तो मला इथे कधी आला नाही.

दीडपर्यंत उरकणं शक्य आहे. पण मग फक्त आतलं होईल, बाहेर बसणं राहील. आणि बाहेर बसणं हा तिथला निम्मा भाग आहे.

---

मी_प्रवासी

मी नवरोबांच्या बाजूने. हुम्लेबेक (लुईझियानाचं स्टेशन) ते हेल्सिंगोर गाडीने दहाएक मिनिटं. क्रोनबोर्ग म्हणजे हॅम्लेटचा एल्सिनोर, २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत. स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. आम्ही दोन्ही एका दिवसात केलं आणि मजा आली. पुन्हा येणं होईल की नाही कुणी सांगावं?

---

रानवाट

@मी_प्रवासी, तुम्ही चार दिवसांसाठी आला असाल तर तेच बरोबर. पण बकुळफूल तिथे राहते. तिला किल्ला पुढच्या शनिवारी आहेच की. आणि किल्ल्यात जिने आहेत, तळघरं आहेत, दगडी फरशी आहे. ७१ वर्षांच्या गुडघ्यांना एकाच दिवशी दोन्ही नको.

---

निळीशाई

मी काही वर्षं स्वीडनमधल्या माल्म्योला होते, पाचसहा वेळा गेले असेन. नेमकं उपयोगाचं तेवढं सांगते.

कोपनहेगन सेंट्रलवरून हुम्लेबेकला ३५-४० मिनिटं लागतात. गाडीत समुद्र उजव्या हाताला असतो, आईंना त्या बाजूच्या खिडकीत बसवा. निघण्याआधी रेयसेप्लानेन अ‍ॅपवर पाहा, शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. १२ वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर गाडीत फुकट, आणि संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. म्हणजे लेकीचा खर्च शून्य.

स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पण आपल्या दहा मिनिटांची आईंची वीस होतात. जाताना टॅक्सी करा. तिथे पोचण्यातच पाय संपले तर पुढचं सगळं ओझं वाटेल. आत व्हीलचेअर मिळेल का आणि लिफ्ट कुठे कुठे आहेत, हे आधी मेल करून विचारा. त्यांना गरज नसली तरी विचारा, कारण खुर्ची सोबत आहे एवढ्यानेच माणूस बिनधास्त चालतो.

बागेचा कडा समुद्राकडे चांगलाच उतरता आहे. खाली जायची वाट त्यांच्यासाठी नाही. वरच्या हिरवळीवरून सगळं दिसतं. जूनमध्येही वारा असतो, शाल घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं. शनिवार-रविवार फक्त सहापर्यंत. जूनमध्ये सूर्य मावळतो दहाच्या सुमारास! दुपारी दोन-तीनला जा. पाच-सहानंतर गर्दी ओसरते आणि ती तिरपी सोनेरी उन्हं हिरवळीवर पडतात, ते पाहायला मी स्वीडनहून पूल ओलांडून जायचे.

---

बकुळफूल

निळीशाई, रात्री दहापर्यंत हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे नवऱ्याचं 'अकराला शिरू' हेच मुळात चुकीच्या टोकाने सुरू होत होतं. त्याला धागा वाचायला दिलाय.

---

साधामाणूस

थोडं वेगळं मत मांडतो. आईंना तयारीशिवाय नेऊ नका. समकालीन कला ही संदर्भावर उभी असते. कोण, कधी, कशासाठी हे माहीत नसेल तर समोर लोखंडाचा पत्रा आहे एवढंच दिसतं, आणि माणसाला आपण अडाणी आहोत असं वाटायला लागतं. ते वाटणं फार वाईट. मी कुठेही जाण्याआधी दोन पानं टिपणं काढतो आणि बरोबरच्यांना वाचून दाखवतो. शिल्पकार जियाकोमेत्तीचंच घ्या. युद्धाच्या काळात त्याचे पुतळे लहान लहान होत गेले, इतके की काडेपेटीत मावतील. आणि पुढे उंच, काटकुळ्या आकृत्या आल्या. हे कळल्यावर लुईझियानातला 'चालणारा माणूस' (१९६०) बघणं आणि न कळता बघणं यात फरक नाही का?

---

कोपऱ्यातली खुर्ची

साधामाणूस, फरक आहे, पण तो तुमच्यासाठी आहे. माझा अनुभव सांगतो.

वडिलांना मी एकदा एका मोठ्या संग्रहालयात घेऊन गेलो. माझी तयारी चोख होती. प्रत्येक चित्रासमोर थांबायचो आणि बोलायचो. तासाभराने लक्षात आलं, वडील चित्राकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मुलगा इतक्या हौसेने सांगतोय तर ऐकलं पाहिजे, म्हणून. बाहेर आल्यावर म्हणाले, "छान सांगतोस." चित्रांबद्दल एक अक्षर नाही. ते गेल्यावर मला ही गोष्ट अनेकदा आठवते. त्यांना एखादं चित्र आवडलं असतं का, कुठलं आवडलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. मी त्यांना बघायला जागाच ठेवली नाही.

म्हणून बकुळफूल, काही वाचून दाखवू नका. त्या बाकावर बसते म्हणाल्या तर बसू द्या. फक्त बाक कुठला ते तुम्ही निवडा.

---

चाफेकळी

"बाक कुठला ते तुम्ही निवडा" याला माझं शंभर वेळा अनुमोदन.

---

तळटीप

बाकासाठी उमेदवार: कॅफेच्या बाहेरची गच्ची. तिथे काल्डरची तीन शिल्पं आहेत. त्यातल्या 'लिटल जेनी-वेनी'चा वरचा भाग वाऱ्याने हलतो. बसल्या जागी शिल्प, समुद्र आणि चहा.

अवांतर: काल्डरच्या हलत्या शिल्पांना 'मोबाइल' हे नाव मार्सेल द्यूशाँने १९३१ मध्ये दिलं. मग १९३२ मध्ये ज्याँ आर्पने न हलणाऱ्यांना 'स्टेबाइल' म्हटलं. आपल्या खिशातल्या मोबाइलचा त्याच्याशी संबंध नाही, पण लेकीला हे सांगितलंत तर दिवसभर तीच सगळ्यांना सांगत फिरेल.

---

भिंगरी

अवांतरात अवांतर. बागेतली शिल्पंच बघायची असतील तर नेदरलँड्सचं क्र्योलर-म्युलर लुईझियानाहून सरस आहे असं माझं ठाम मत. सुमारे ५,४०० हेक्टरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध, पांढऱ्या सायकली फुकट घ्यायच्या आणि रानातून जायचं. व्हॅन गॉखचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह तिथे. आणि दुब्युफेची ती पांढरीशुभ्र, काळ्या रेषांची बाग, जिच्यावर चढून चालता येतं! मुलांना याहून काय हवं?

---

रानवाट

@भिंगरी, क्र्योलर-म्युलर सुंदरच आहे. पण तिथे रानात संग्रहालय आहे. इथे घर, झाडं आणि समुद्र एकमेकांत विणलेत. शिवाय सायकलवरून सासूबाई?

---

भिंगरी

मान्य. सासूबाईंसाठी लुईझियाना. माझ्यासाठी सायकल.

---

मी_प्रवासी

बागेतल्या कलेवरून आठवलं. जपानमधल्या नाओशिमा बेटावर कुसामा या जपानी कलावतीचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प धक्क्यावर ठेवलं होतं. ऑगस्ट २०२१ च्या वादळात ते समुद्रात गेलं. २०२२ मध्ये नवं बसवलं. तेव्हा उघड्यावरची कला लवकर बघून घ्यावी!

---

खारूताई

कुसामाचं नाव निघालं म्हणून. लुईझियानात तिची आरशांची खोली आहे, 'ग्लीमिंग लाइट्स ऑफ द सोल्स' (२००८). चारही भिंती आणि छत आरशाचं, खाली पाणी, वर टांगलेले दिवे रंग बदलतात. एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात, त्यामुळे रांग असते. माझी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आई, मी संपतच नव्हते." आम्ही दुसऱ्यांदा (मंगळवारी!) गेलो तेव्हाची गोष्ट.

आईंना अंधाराची किंवा तोल जायची भीती असेल तर मात्र विचार करून न्या. पाण्याच्या मधोमध एका छोट्या फलाटावर उभं राहायचं असतं.

आणि लेकीसाठी मुलांचा विभाग विसरू नका. तीन मजली, खास मुलांसाठी, तिथे चालू प्रदर्शनाच्या अनुषंगाने चित्रं, माती, काहीबाही करायला देतात. प्रवेशातच समाविष्ट. आमची बाहेर निघेना.

---

दगडफूल

मी ओतकामाशी संबंधित आहे (ब्राँझ), म्हणून मुलांबद्दल एक विनंती. हिरवळीवर हेन्री मूरची पहुडलेली आकृती आहे, आणखीही बरीच शिल्पं आहेत. उघड्यावर असल्यामुळे मुलांना ती चढायची वाटतात. 'हात लावू नकोस' एवढंच सांगू नका, कारण सांगा. ब्राँझच्या अंगावर जो हिरवट-तपकिरी थर असतो तो मुद्दाम आणलेला किंवा वर्षानुवर्षं धरलेला असतो. हाताच्या घामातलं मीठ आणि आम्ल तो थर खातं. जिथे सगळे हात लावतात तिथे शिल्प पिवळं चकचकीत पडतं. लेकीला म्हणावं, कुठे चकाकी दिसते ते शोध, म्हणजे लोकांचे हात कुठे गेलेत ते कळेल. हा खेळ मुलं मन लावून खेळतात.

दुसरं, घळीत रिचर्ड सेराचं काम आहे, 'द गेट इन द गॉर्ज' (१९८३-८६). पोलादाचे मोठे पत्रे उतारात रोवलेत. साधामाणूस म्हणाले तसा 'लोखंडाचा पत्रा'च. पण त्यावर गंज आहे तो दुर्लक्षामुळे नव्हे. त्या पोलादावर गंजाचा दाट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला झाकतो. शेजारच्या पानगळीचा आणि त्याचा रंग शरदात एक होतो. तिथे तीन मिनिटं उभे राहा. उतार आहे म्हणून घळ आहे असं आपण समजत असतो, त्या पत्र्यांमुळे पहिल्यांदा घळीचा आकार दिसतो.

---

साधामाणूस

दगडफूल, हे तुम्ही सांगितलंत तेच तर मी म्हणतोय, माहिती असली की दिसतं.

कोपऱ्यातली खुर्ची, तुमचा प्रतिसाद वाचून मात्र गप्प झालो होतो. माझी दोन पानांची टिपणं कुणासाठी असतात याचा दोन दिवस विचार करतोय. तरी एक सुचवतो. कलेबद्दल काही सांगू नका, जागेची गोष्ट सांगा. तो जुना बंगला १८५५ चा. मालक अलेक्झांडर ब्रून. त्याने तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ. त्यावरून लुईझियाना. अमेरिकेतल्या राज्याशी संबंध नाही. एवढं कुणालाही आवडतं आणि कुणालाही अडाणी वाटायला लावत नाही.

---

कोपऱ्यातली खुर्ची

हे उत्तम. मनापासून.

---

निळीशाई

एक राहिलं. मोठी प्रदर्शनं बदलत असतात तेव्हा काही दालनं बंद असतात. जाण्याच्या आठवड्यात संकेतस्थळ बघा, नाहीतर जे दाखवायचं तेच बंद निघायचं. आणि ऑगस्टमध्ये त्यांचा साहित्य महोत्सव असतो, २०१० पासून दरवर्षी. लेखक हिरवळीवर वाचन करतात, वातावरण अप्रतिम, पण गर्दी भरपूर. गुडघे दुखणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

---

बकुळफूल (२१ जून)

मंडळी, जाऊन आलो. गुरुवारी. वृत्तांत दिल्याशिवाय चैन पडेना.

दुपारी अडीचला पोचलो, टॅक्सीने. किल्ला वेगळ्या दिवशी, हे नवऱ्याने स्वतःहून सुचवलं (धागा वाचून). गाडीत मी तीन लुईझची गोष्ट सांगितली. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिसरीला कसं वाटलं असेल गं? हाक मारली की तिला वाटत असेल, नक्की कुणाला मारली." आम्ही दोघं अवाक. मी ही गोष्ट चार जणांना सांगितली असेल, सगळे फक्त हसले होते.

लेक पहिल्या अर्ध्या तासात मुलांच्या विभागात गेली आणि पावणेसहापर्यंत तिथेच. मातीचं काहीतरी केलंय, ते काय आहे विचारायचं नाही अशी तंबी आहे. नंतर बागेत चकाकी शोधण्याचा खेळ झाला. दगडफूल, तुमचे विशेष आभार, तिने एकदाही हात लावला नाही. नवरा सेराच्या घळीत गेला तो परत येईना, शेवटी फोन केला. उभाच होता म्हणे.

आता आई. मी काहीही समजावायचं नाही असं ठरवलं होतं. काचेच्या बोळात त्या दोनदा बसल्या. मग जियाकोमेत्तीचं दालन आलं, ते उंच खिडकीचं, मागे तळं. त्या आत गेल्या, एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अजिबात आवडलं नाही. माणसाचं मांसच काढून घेतलंय. असं कुणी करतं का?" मला पोटात गोळा आला. वाटलं, संपलं, आता त्या बाकावरच बसणार. आम्ही पुढे कॅफेपर्यंत गेलो, काल्डरची शिल्पं पाहिली, चहा झाला. तासाभराने त्या उठल्या. मी विचारलं, कुठे? म्हणाल्या, "ते हडकुळे परत बघून येते. खरंच इतके वाईट आहेत का ते एकदा नीट बघायला हवं."

खुर्ची, मी तुमचं ऐकलं, सोबत गेले नाही. पंचवीस मिनिटांनी आल्या. "आहेतच वाईट," म्हणाल्या. आणि निघायच्या आधी, नऊ वाजत आले होते, बाहेर अजून लख्ख उजेड, त्या तिसऱ्यांदा गेल्या. त्यांच्या गुडघ्यांबद्दल दिवसभरात एक शब्द नाही.

घरी आल्यापासून जेवताना तोच विषय. नवरा म्हणाला, न आवडलेल्या गोष्टीवर आई इतकं बोललेली मी कधी ऐकलं नाही. त्यांना अजूनही आवडलेले नाहीत, हं. विचारलं की ठामपणे 'नाही' सांगतात.

---

चाफेकळी

ती तिसरी लुईझ आता माझ्याही डोक्यातून जाणार नाही.

---

कोपऱ्यातली खुर्ची

बकुळफूल, दोनदा वाचलं. बाकी काही लिहीत नाही. आईंना नमस्कार सांगा.

---

साधामाणूस

सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. मी पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन एका प्रदर्शनाला जातोय. टिपणं घरी ठेवून जाणार आहे. जमेल का बघतो.

---

बकुळफूल

आणखी एक प्रश्न, तो आईंचा आहे. त्या विचारताहेत, संध्याकाळी मागची खिडकी काळी झाल्यावर ते हडकुळे कसे दिसत असतील? आम्ही निघेपर्यंत अंधार पडलाच नाही. कुणी पाहिलंय का?

---

निळीशाई

जूनमध्ये नाही दिसणार, अंधार पडेपर्यंत दार बंद होतं. डिसेंबरात जा. पावणेचारला सूर्य मावळतो आणि संग्रहालय दहापर्यंत उघडं. मी एकदा अशी गेले होते. तळं दिसेनासं होतं आणि काचेत तेच पुतळे पुन्हा दिसतात, शिवाय आपणही त्यांच्यामध्ये उभे.

---

बकुळफूल

आईंचं परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे.

---

खारूताई

मग डिसेंबरात पुन्हा बोलवा. सोमवार सोडून.